मंडळी माहेरी गेली

अकरा वर्षांपूर्वी, जानेवारीच्या अखेरीस, मला एक पत्र आलं. त्याचं उत्तर मी दिलं नाही.

पत्रांच्या बाबतीत मी आळशी नाही. दिवाळीच्या शुभेच्छापत्रांनासुद्धा मी दुसऱ्याच दिवशी उत्तर लिहितो, आणि ते पेटीत टाकल्यावर आपण काही कमी-जास्त लिहिलं का, हे आठवडाभर मनात घोळवत बसतो. या पत्राचं तसं झालं नाही. ते मी जाड शब्दकोशात ठेवलं, 'म' अक्षराच्या पानांत, आणि शब्दकोश वरच्या फळीवर ठेवून दिला.

पत्र तळेगावहून आलं होतं. लिहिणाऱ्या बाईंचं नाव सुमती. नर्सच्या नोकरीतून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. अक्षर सुटं आणि स्वच्छ, रोग्याच्या नातेवाइकाला समजावून सांगावं तसं. त्यांचे आजोबा हिराजी मास्तर हे पनवेलजवळ, नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या लहानशा मेथडिस्ट चर्चचे पहिले उपदेशक. त्या चर्चच्या इतिहासाची पुस्तिका मी लिहिली होती आणि ती त्यांनी तीनदा वाचली होती. मास्तरांची मोडीतली रोजवही मी वाचली आहे, हे त्यांना माझ्या प्रस्तावनेवरून कळलं होतं, म्हणून त्यांनी एकच गोष्ट विचारली होती.

त्यांची आजी ठमाबाई गेली तेव्हा त्यांचे वडील चार वर्षांचे होते. ती कोणत्या साली, कोणत्या दिवशी गेली हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर सगळ्यांच्या जन्ममृत्यूच्या तारखा लिहिलेल्या आहेत. फक्त ठमाबाईच्या नावापुढे वडिलांनी एका तारखेपुरती जागा सोडून ठेवली होती. ते आदल्या वर्षी वारले, तोवर ती जागा तशीच होती. त्या दिवसातलं त्यांना एवढंच आठवायचं, की आपल्याला घराबाहेर बसवलं होतं, हातात गुळाचा खडा होता आणि आत माणसं गात होती.

"वहीत कुठे तारीख असेल तर कळवावी," असं शेवटी लिहिलं होतं. "बाकी काही नको. ती एक ओळ भरायची आहे."

आता त्या पुस्तिकेविषयी सांगायला हवं.

आम्ही बेने इस्राएल. पनवेलात आमची घरं आता बोटांवर मोजता येतील. माझी सगळी नोकरी इथल्या एका वाचनालयात गेली, पुस्तकं द्यायची, घ्यायची, आणि मधल्या वेळात वाचायची. मोडी लिपी मी आजोबांच्या तेलघाण्याच्या जुन्या कागदांपायी शिकलो होतो. नेऱ्याकडच्या तेव्हाच्या पाळकांना चर्चच्या कपाटात एक वही सापडली, तिचं काय करावं हे त्यांना कळेना, आणि कोणीतरी माझं नाव सुचवलं. मी आधी नाही म्हणालो. माझ्याकडून होणार नाही असं मला बहुतेक गोष्टींबद्दल वाटतं. पण वही हातात घेतल्यावर ती परत द्यायचा धीर झाला नाही.

मोडीत शब्द सुटे नसतात. आधी पानभर रेघा ओढायच्या आणि त्यांना अक्षरं टांगत जायचं, लेखणी फारशी न उचलता. ऱ्हस्व-दीर्घ नाही, विरामचिन्हं नाहीत. वाचणारा आपल्या मनाने शब्द तोडतो, आणि मन नेमकं कुठे असेल त्यावर वाचन अवलंबून असतं.

माझं मन फार सावध होतं. मी ज्यू माणूस, दुसऱ्यांच्या उपासनेविषयी लिहायला बसलेला. परक्या घरात जाताना चपला कुठे काढायच्या ते आधी विचारून घ्यावं, तसे मी त्यांचे शब्द विचारून घेतले. पाळक, उपदेशक, प्रीतिभोजन, जागृती. आणि मंडळी. मंडळी म्हणजे चर्चमधली सगळी माणसं मिळून जी एक होतात ती, असं पाळकांनी मला समजावून सांगितलं. हा शब्द वहीत पानोपानी होता. "मंडळी ओढ्याचे दगड डोईवर वाहते." "मला हिवताप. उपासना मंडळीने चालविली." "मंडळी ठाकरवाडीत बाळंतिणीकडे गेली, रात्री परतली."

वाचता वाचता मला ती माणसं दिसायला लागली. मला ही खोड लहानपणापासून आहे, वाक्य संपलं तरी त्यातलं चित्र हलत राहतं. पहाटेचं धुकं, गुडघाभर पाणी, आणि डोक्यावर दगड घेतलेली साठ-सत्तर माणसं रांगेने ओढा ओलांडताहेत. कोणी बोलत नाही. पाण्याचा तेवढा आवाज. कित्येकदा मी झोपेतही ती रांग पाहिली. मला कधी त्यांचे चेहरे दिसले नाहीत, पण ती माणसं मला आवडायची. चारचौघांत मला बोलता येत नाही, आणि या जमावात कोणी माझ्याकडे काही बोलायची अपेक्षा करत नव्हतं.

त्या चित्रावरून मी पुस्तिका लिहिली. एका ठिकाणी वहीत "मंडळीचे पायात काटा मोडला, दोन दिवस बसून" असं होतं. मी त्यावर तळटीप दिली, की या सुमारास चर्चमध्ये काही मतभेदाचा काटा सलत असावा. दुसरीकडे होतं, "मंडळी माहेरी गेली. घर ओकेंबोकें." मी लिहिलं, की १९२९ साली मंडळी पांगली, प्रभूचं घर ओस पडलं, आणि हिराजी मास्तरांनी मात्र ही पांगापांग माहेरी जाण्याच्या गोड रूपकाने सांगितली. हे वाक्य मला फार साधलं होतं. ते छापून आल्यावर मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

आणि मग १९३१ सालचं पान. तारीख ९ फेब्रुवारी. "आज पहाटे मंडळी प्रभूकडे गेली. सर्व रडले. मग गायिले."

मेथडिस्टांच्या इतिहासात जागृती असते हे मी वाचलेलं होतं. उपासनेत अचानक लोक रडू लागतात, पापं कबूल करतात, मग गातात. त्याच्या पुढे वहीत 'मंडळी' हा शब्द एकदाही येत नाही. त्याचंही मी कारण दिलं. जागृतीनंतर मास्तरांना मंडळीची चिंताच उरली नसावी, असं म्हटलं. ९ फेब्रुवारी १९३१ हा सोमवार होता. सोमवारी पहाटे कसली उपासना, असा प्रश्न मला पडला होता. रविवारची प्रार्थना रात्रभर चालली असेल, असं मीच मला सांगितलं.

पुस्तिका लोकांना आवडली. त्या चर्चला आपला असा दिवस नव्हता. नाताळ आणि ईस्टर सगळ्या जगाचे. माझ्या पुस्तिकेने त्यांना ९ फेब्रुवारी दिला. पुढच्याच वर्षापासून तिथे जागृतीचा दिवस सुरू झाला. कागदी पताका, ढोलकी, गाणी, आणि शेवटी रव्याचे लाडू. मला बोलावणं असायचं. मी मागच्या बाकावर बसायचो, आणि कोणी माझ्याकडे बोट दाखवून पाहुण्याच्या कानात काही सांगितलं की मला बरं वाटायचं. हे कबूल करायला हरकत नाही.

सुमतीबाईंचं पत्र आलं ते त्यानंतरच्या वर्षी. त्या दिवशी माझी बायको तमार पेणला भावाकडे गेलेली होती. पत्र वाचून मी वाईट वाटून घेतलं, की ठमाबाईचं नाव वहीत कुठेच नाही, आणि आता या बाईंना तसं कळवावं लागणार. एवढ्यात बेल वाजली. समोरच्या ब्लॉकमधले अवधूत शिडी मागायला आले होते. आम्ही दोघे एका वयाचे. रोज तमार दार उघडते, म्हणून मला दारात बघून त्यांना गंमत वाटली.

"काय शमुएलराव, आज तुम्ही?" ते म्हणाले. "मंडळी माहेरी गेली वाटतं."

मी हो म्हणालो. त्यांना शिडी दिली. दार लावलं आणि दाराला टेकून उभा राहिलो.

माझे वडील आईला तेच म्हणायचे. नाव घेणं नाही, बायको म्हणणं नाही. कोणी पाहुणा आला की, "मंडळी आत आहे, चहा टाकेल." मी हा शब्द जन्मभर ऐकला होता, घरात, शेजारी, वाचनालयात येणाऱ्या जुन्या लोकांच्या तोंडून. पण चर्चची वही उघडताना तो घरचा शब्द मी उंबऱ्याबाहेर काढून ठेवला आणि पाळकांकडून नवा मागून घेतला.

दाराला टेकल्या टेकल्या माझ्या डोळ्यांसमोर ओढा आला. रांगेतली माणसं एकेक करून नाहीशी होऊ लागली. मागची आधी, मग मधली. कोणाचा आवाज नाही. शेवटी पाण्यात एक बाई उरली, डोक्यावर दगड, लुगड्याचा काष्टा भिजलेला. तिने मागे वळून पाहिलं नाही.

मग मी उत्तर का लिहिलं नाही? लिहायला बसलो होतो. 'आदरणीय सुमतीबाई' एवढं पाच कागदांवर लिहिलं. पुढे एकदा वाटायचं, मी पहिल्यांदा चुकलो तसा आताही चुकत असेन, एका शेजाऱ्याच्या थट्टेवरून कोणाच्या आजीची मृत्यूची तारीख कशी ठरवायची? वही तर कपाटात, नेऱ्याला. एकदा वाटायचं, तारीख कळवली तर ती चर्चमध्ये कळणारच, आणि दहा दिवसांवर जागृतीचा दिवस आलेला, पताका आणून झालेल्या. ती माणसं एका बाईच्या मरणाच्या दिवशी ढोलकी वाजवतात आणि ते माझ्यामुळे, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? यंदाचा दिवस पार पडू दे, मग लिहू, असं ठरवलं. त्या नऊ फेब्रुवारीला मी गेलो, मागच्या बाकावर बसलो आणि लाडू खाल्ला.

पुढच्या वर्षीही गेलो. एकदा न लिहिलेलं पत्र दर वर्षी लिहायला अवघड होत जातं. आमच्यात आईवडिलांच्या मृत्यूच्या दिवशी दिवा लावून कद्दिश ही प्रार्थना म्हणतात. त्यासाठी दहा पुरुष लागतात, आणि हल्ली ते जमवायला ठाण्याला फोन करावे लागतात. तरी माझ्या आईचा दिवस मी कधी चुकवला नाही. दिव्याकडे बघत बसलो की मला तळेगावच्या त्या बायबलमधली रिकामी जागा दिसायची. ती भरण्याची तारीख माझ्यापाशी होती. ती मी शब्दकोशात दाबून ठेवली होती.

यंदा चर्चला शंभर वर्षं होतात. जानेवारीत मला प्रणितचा फोन आला. प्रणित हा आताचा पाळक, तिशीतला. त्याच्या सर्किटमध्ये तीन गावं आहेत आणि तो मोटरसायकलवरून तिन्हीकडे फिरतो. शताब्दीसाठी चर्चच्या भिंतीत काळा दगड बसवायचा ठरला होता. मजकुरात दुसरं काही नको, मास्तरांचंच वाक्य आणि तारीख कोरावी, असं सगळ्यांचं मत पडलं.

"काका, मॅटर एकदा चेक करून द्या," तो म्हणाला. "आज पहाटे मंडळी प्रभूकडे गेली. बरोबर ना? दगडावर चूक झाली तर पुसता येत नाही."

मी म्हणालो, मी येऊन वही बघतो. फोन ठेवला, वरच्या फळीवरून शब्दकोश काढला आणि पत्र तमारपुढे ठेवलं. सगळं सांगायला मला पाऊण तास लागला, कारण मी मध्येमध्ये थांबत होतो. ती भाजी निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, हे पत्र तिने नऊ वर्षांपूर्वीच वाचलं होतं, फळी पुसताना.

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. तुम्हाला वेळ लागतो, ते मला लग्नाआधीपासून माहीत आहे." मग तिने भाजी बाजूला ठेवली. "पण ती बाईही थांबली आहे हो. तिला काय माहीत तुम्हाला किती वेळ लागतो?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रिक्षाने नेऱ्याला गेलो. नवीन पनवेलच्या इमारती मागे पडल्या की डोंगर एकदम जवळ येतो. रस्त्याला फार्महाउसांच्या पाट्या, मग मोकळी शेतं, मग तो ओढा. जानेवारीत त्याला पाणी थोडंच असतं. पुलावरून जाताना मी खाली पाहिलं.

चर्च म्हणजे एक कौलारू खोली. पांढरा चुना, लाकडी क्रूस, आणि घंटेऐवजी सागाच्या झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. किल्ली शोभाबाईंकडे असते. त्या झाडलोट करतात, दिवाबत्ती बघतात, आणि लाडूही दर वर्षी त्याच वळतात. प्रणित आधीच आलेला होता. त्याने कपाट उघडून वही माझ्यासमोर ठेवली आणि तो शेजारी बसून राहिला. शोभाबाई दारात उभ्या राहिल्या.

बारा वर्षांनी मी ती वही उघडत होतो. अक्षर ओळखीचं होतं, आणि थोड्याच वेळात मी मनाने खोलीतून निघून गेलो, नेहमी जातो तसा. या वेळी प्रत्येक 'मंडळी'च्या जागी मी ती एकटी बाई ठेवत गेलो. ती कुठेच अडली नाही. तिच्या पायात काटा मोडला, आणि ती दोन दिवस बसून राहिली. ती माहेरी गेली, घर ओकंबोकं झालं. मी पुस्तिकेत न घेतलेल्या ओळी आता दिसू लागल्या, "मंडळी आली. भात अंमळ जास्त शिजविला." तेव्हा ही ओळ मला इतिहासाच्या दृष्टीने किरकोळ वाटली होती. मास्तरांना हिवताप येई तेव्हा उपासना चालवणारी ती. बाळंतिणीकडे जाणारी ती. चर्चच्या पायाचे दगड ओढ्यातून आणले तेही तिने, एका हिवाळ्यात. आणि चर्चला येणाऱ्या माणसांना मास्तर मंडळी म्हणतच नव्हते. दर रविवारी स्वच्छ लिहिलेलं होतं, "उपासना. नऊ माणसे." "उपासना. अकरा माणसे." मी ते वाचलं होतं, आणि त्या अकरांची सत्तर केली होती.

मग ते पान आलं. "आज पहाटे मंडळी प्रभूकडे गेली. सर्व रडले. मग गायिले." त्याच रेघेच्या शेवटी, समासाला चिकटून, बारीक अक्षरांत आणखी चार शब्द होते. मी ते पूर्वी नक्कीच वाचले असणार, आणि सोडून दिले असणार.

मी ते मोठ्याने वाचले. "बाळास गूळ देऊन ओट्यावर बसविले."

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. पाच शब्द होते. मी मोजायलाही चुकलो होतो.

मग मी त्यांना सांगितलं. सुमतीबाईंचं पत्र वाचून दाखवलं. मंडळीचा अर्थ सांगितला. जागृती झालीच नव्हती, निदान वहीत नाही. १९२९ साली कोणी पांगलं नव्हतं. हे मला अकरा वर्षं ठाऊक होतं, हेही सांगितलं, कारण ते न सांगता बाकीचं सांगण्यात अर्थ नव्हता.

प्रणितला मोडी येत नाही, तरी तो त्या ओळीवर बोट ठेवून होता. मग त्याला माझी कीव आली असावी. तो म्हणाला, एका अर्थाने माझं चुकलंच नाही, ती एकटी बाईच इथली सगळी मंडळी होती. वाक्य चांगलं होतं. म्हणूनच मला त्याची भीती वाटली. चांगल्या वाक्यांनीच मी फसत आलो होतो. मी त्याला म्हणालो, नको, चूक ती चूकच राहू दे. तिला पुन्हा कशाचं रूपक करायला नको. ती एक बाई होती आणि तिच्या पायात काटा मोडला होता.

दारातून शोभाबाई बोलल्या.

"म्हंजी तिच्या मरनाच्या दिशी आमी लाडू खाल्लं."

मी मान खाली घातली. तमारने माझ्या बाहीला हात लावला.

शोभाबाई आत आल्या आणि बाकाच्या कडेला टेकल्या. त्यांनी मला विचारलं, तिची माती कुठे झाली ते वहीत आहे का. मी पुढची ओळ पाहिली. "चर्चच्या मागे, सागाखाली", एवढंच लिहिलेलं होतं; तेव्हा ती मी गाण्याची जागा समजलो होतो. जिथे रुळाचा तुकडा टांगलेला आहे तिथेच. शोभाबाईंनी मान हलवली, जणू त्यांना ते अपेक्षितच होतं.

"मंग येवरी वरसं तिच्या उशाशी कोन व्हता?" त्या म्हणाल्या. "तिचा घरचा कोन नाय आला. त्यांना ठावंच नाय तं येतील कसं. आमीच गायलो ना तितं. तुमी चुकलाव मास्तर, पन दिस नाय चुकला."

मला त्या पहिल्यांदाच मास्तर म्हणाल्या. मी मास्तर नाही, आणि एरवी मी लगेच तसं म्हटलं असतं.

मग त्या प्रणितकडे वळल्या. दगडावरचं वाक्य तेच ठेवा, म्हणाल्या, नुसतं वर तिचं नाव घाला. नाव काय? मी पत्रात बघून सांगितलं, पाठ असूनही. ठमाबाई. शोभाबाईंनी ते नाव दोनदा उच्चारलं. त्यांच्या एका मावशीचंही तेच नाव होतं, ती मासळी विकायला पनवेलला यायची, असं काही त्या सांगू लागल्या, आणि तमार त्यांच्याशी बोलत बसली. प्रणितने वहीतल्या कोऱ्या पानाएवढ्या कागदावर मजकूर लिहून घेतला. ठमाबाई. त्याखाली मास्तरांची ओळ. त्याखाली तारीख. तो म्हणाला, ढोलकीचं काय करायचं ते रविवारी सगळ्यांना विचारून ठरवू. लाडवांचं शोभाबाईंनी आधीच ठरवलं होतं. यंदा साखर नाही, गूळ.

निघताना मी घाबरत विचारलं, की सुमतीबाई आता कुठे असतील, असतील का. प्रणित हसला. त्याने कपाटाच्या खणातून नाताळची कार्डं काढली. दर वर्षी तळेगावहून एक कार्ड येतं, म्हणाला, कोण बाई आहेत ते ठाऊक नाही, पण चुकत नाहीत. डिसेंबरात आलेलं कार्ड सगळ्यात वर होतं. अक्षर तेच, थोडं थरथरलेलं. आत फक्त "स्मरणपूर्वक" एवढंच लिहिलेलं.

मी बाहेर जाऊन सागाखाली थोडा वेळ उभा राहिलो. पानं मोठी, वाळलेली, पायाखाली वाजणारी. वरून एक विमान उलव्याच्या नव्या विमानतळाकडे उतरत गेलं, आणि त्याचा आवाज गेल्यावर ओढ्याचा आवाज ऐकू यायला लागला. त्या पाण्याला आवाज करण्याइतका जोर नव्हता, तेव्हा तो मला भासही झाला असेल. बाई पलीकडच्या काठाला लागली होती. तिने डोक्यावरचा दगड खाली ठेवला आणि हात पदराला पुसले. या वेळीही तिने वळून पाहिलं नाही, पण ती थांबली होती.

घरी आल्यावर मी जेवायच्या आधी लिहायला बसलो. तमार म्हणाली, फोन करा, कार्डाच्या मागे नंबर होता, तो मी उतरवून घेतलाय. मी म्हणालो, त्यांनी पत्र लिहिलं होतं. ती म्हणाली, मग आजच लिहा. या खेपेला पाच कागद लागले नाहीत. दोन लागले, कारण पहिल्यावर मी स्वतःविषयी फार लिहिलं होतं. दुसरा असा होता:

"सुमतीबाई, आपल्या पत्राचं उत्तर अकरा वर्षं उशिरा देत आहे. त्याला क्षमा मागण्याजोगं कारण माझ्यापाशी नाही. आपल्या आजी ठमाबाई सोमवार, ९ फेब्रुवारी १९३१ रोजी पहाटे वारल्या. मास्तरांच्या वहीत त्या दिवशी लिहिलं आहे: 'आज पहाटे मंडळी प्रभूकडे गेली. सर्व रडले. मग गायिले. बाळास गूळ देऊन ओट्यावर बसविले.' बाळ म्हणजे आपले वडील. आजोबांनी वहीत आजींचं नाव घेतलेलं नाही, पण त्या पानोपानी आहेत. जिथे जिथे मंडळी हा शब्द आहे तिथे त्या आहेत. मी तो शब्द चुकीचा वाचला आणि पुस्तिकेत चुकीचा छापला. वहीतल्या त्या सगळ्या ओळी देवनागरीत उतरवून मागाहून पाठवीन, दोनशे तरी भरतील. त्यांची माती चर्चच्या मागे सागाखाली आहे. यंदाही नऊ तारखेला सोमवार आहे. तिथली माणसं त्या दिवशी जमतात. आपली जागा धरून ठेवायला त्यांनी मला सांगितलं आहे. शमुएल."

शेवटचं वाक्य मी बराच वेळ बघत राहिलो. मला तसं कोणी सांगितलं नव्हतं. मी तमारला विचारलं, हे खोडू का. तिने कागद हातात घेऊन वाचला आणि तिथूनच शोभाबाईंना फोन लावला. त्यांचा नंबर तिने सकाळी घेऊन ठेवला होता. दोन मिनिटं बोलली, आणि फोन ठेवून म्हणाली, आता सांगितलं आहे.

सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच मी पायरीवर होतो. खिडकीवरच्या मुलीने पाकीट वजनाच्या काट्यावर ठेवलं. मी विचारलं, तळेगावला नऊ तारखेच्या आत पोचेल ना. तिने कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाली, काका, नऊ तारखेला अजून दहा दिवस आहेत, तीन-चार दिवसांत पोचेल. तिने शिक्का मारला. मी पाकिटावरचा पत्ता पुन्हा एकदा वाचायला मागणार होतो, नाव बरोबर लिहिलं आहे ना ते बघायला. तोवर तिने ते मागच्या पोत्यात टाकलं होतं.